जुनी ब्रिटिश नाणी ऑनलाइन घेताना : ओळख, वजन, ग्रेड आणि फसवाफसवी

ढब्बू_पैसा (धागालेखक)

नाण्यांच्या इतर धाग्यांवर ब्रिटिश नाण्यांचे सुटे प्रश्न वरचेवर येतात आणि उत्तरं विखुरली जातात. ती एका जागी असावीत म्हणून हा धागा. आवाका १८१६ ते १९७१, म्हणजे यंत्रावर पाडलेली आणि खुद्द ब्रिटनमध्ये चाललेली नाणी. ब्रिटिश इंडियाचे रुपये-आणे इथे आणू नयेत, त्यांचा पसारा स्वतंत्र आहे. त्याच्या कितीतरी आधीची, हातोडीने ठोकलेली नाणी नवख्याने फोटोवरून घेऊच नयेत. बस्स, त्यांच्याबद्दल एवढंच.

आधी हिशेब. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली. तोपर्यंत पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. फ्लोरिन दोन शिलिंगांचा, हाफ क्राउन अडीचाचा, क्राउन पाचाचा. शेजारी मोजपट्टी नसलेल्या फोटोत फ्लोरिन आणि हाफ क्राउन यांची गफलत हमखास होते.

पाठ करावीत अशी वजनं :

सॉव्हरिन (एक पौंडाचं सोन्याचं नाणं) ७.९९ ग्रॅम, २२.०५ मिमी
हाफ सॉव्हरिन ३.९९ ग्रॅम, १९.३ मिमी
क्राउन २८.२८ ग्रॅम, ३८.६ मिमी
हाफ क्राउन १४.१४ ग्रॅम, ३२ मिमी
फ्लोरिन ११.३१ ग्रॅम, २८.५ मिमी
शिलिंग ५.६६ ग्रॅम, २३.६ मिमी
सिक्सपेन्स २.८३ ग्रॅम, १९ मिमी
ब्राँझ पेनी ९.४५ ग्रॅम, ३०.८ मिमी
हाफपेनी ५.६७ ग्रॅम, २५.५ मिमी
फार्दिंग २.८३ ग्रॅम, २० मिमी

चांदीच्या नाण्यांची वजनं एकमेकांच्या पटीत आहेत. दोन शिलिंगांचं वजन एका फ्लोरिनएवढं, दोन फ्लोरिन आणि एक शिलिंग मिळून क्राउनएवढं. त्यामुळे अर्धी यादी विसरली तरी चालतं. (विक्टोरियाचा गॉथिक फ्लोरिन तेवढा ३० मिमीचा; वजन तेच.)

आता धातू. चांदीच्या नाण्यांत १९१९ पर्यंत हजारात ९२५ भाग चांदी. १९२० पासून १९४६ पर्यंत निम्मी. १९४७ पासून कप्रो-निकेल (तांबं आणि निकेल), चांदी शून्य. दरवर्षी राजा किंवा राणीच्या दानविधीसाठी पाडतात ती मॉन्डीची नाणी याला अपवाद, पण ती नेहमीच्या लॉटमध्ये येत नाहीत. तेव्हा १९४८ च्या हाफ क्राउनपुढे विक्रेत्याने ‘चांदीचा’ लिहिलं असेल, तर तो अडाणी तरी आहे किंवा बेरकी तरी. दोन्ही परिस्थितीत त्याच्याकडचा बाकीचा मालही जपून बघावा.

---

सराफकट्टा

उत्तम सुरुवात. चांदीच्या वजनात भर घालतो, कारण मिश्र लॉटची किंमत ठरवताना तेच लागतं. १९२० पूर्वीच्या हाफ क्राउनमध्ये १३.०८ ग्रॅम शुद्ध चांदी, १९२० ते ४६ मध्ये ७.०७. शिलिंगात अनुक्रमे ५.२३ आणि २.८३. लॉटचं दर्शनी मूल्य मोजायचं. एक पौंड दर्शनी मूल्यामागे जुन्या नाण्यांत सुमारे १०४.६ ग्रॅम आणि निम्म्या चांदीच्या नाण्यांत ५६.५ ग्रॅम चांदी येते. झिजलेल्या मालात यातून तीन-चार टक्के वजा धरा. हा आकडा त्या दिवशीच्या भावाने गुणला की लॉटची तळाची किंमत हाती येते. त्याच्या वर जे द्याल ते संग्रहमूल्यासाठी, आणि ते प्रत्येक नाणं दिसत असेल तरच द्यायचं. ढिगाचा एकच फोटो असेल तर भंगार चांदीच्या भावाने बोली लावा, त्यावर एक पेनीही नको.

१९२०-२२ ची नाणी पिवळट, मातकट दिसतात. मिश्रधातू नवा होता आणि नीट बसला नव्हता. पिवळेपणा पाहून बनावट ठरवू नका.

---

नवशिका_संग्राहक

धागालेखकांचे आभार. एक प्राथमिक प्रश्न. विक्टोरियाची नाणी बघताना गोंधळ होतो. एकाच राणीचे चार-पाच वेगवेगळे चेहरे दिसतात. नुसत्या चेहऱ्यावरून साल ओळखता येतं का?

---

ढब्बू_पैसा

नेमकं साल नाही, पण कालखंड नक्की. आणि नाण्यावरचं साल त्या कालखंडात बसत नसेल तर बनावट तिथेच पकडली जाते.

सोन्या-चांदीवर १८३८ पासून १८८७ पर्यंत तरुण चेहरा, केस मागे बांधलेले, डोक्यावर मुकुट नाही. हा विल्यम वायनने कोरलेला. १८८७ ला राज्यारोहणाच्या पन्नाशीनिमित्त बोह्मने केलेला ज्युबिली चेहरा आला. डोक्यावर इवलासा मुकुट, घसरेल की काय असा. तो १८९३ पर्यंत. १८९३ पासून १९०१ पर्यंत थॉमस ब्रॉकचा वृद्ध चेहरा, डोक्यावरून ओढणी. गॉथिक चेहरा वेगळा : तो १८४७ च्या क्राउनवर आणि १८५१ ते ८७ च्या फ्लोरिनवर येतो, आणि साल रोमन आकड्यांत, तेही गॉथिक वळणाच्या छोट्या अक्षरांत. पुष्कळ विक्रेत्यांना ते वाचता येत नाही, ‘सालाविना’ म्हणून विकतात. ज्याला वाचता येतं त्याचं फावतं.

ब्राँझचं वेळापत्रक निराळं. पेनी, हाफपेनी, फार्दिंगवर १८६० ते १८९४ अंबाड्याचा चेहरा आणि १८९५ पासून ओढणीचा. ब्राँझवर ज्युबिली चेहरा कधी आलाच नाही. १८९० ची पेनी तरुण चेहऱ्याची आहे म्हणून घाबरू नका, ती तशीच असते.

आणखी एक खूण आपल्या परिचयाची. ‘इंड इंप’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी किंवा सम्राट. विक्टोरियाने ते पद १८७६ ला घेतलं, पण ब्रिटनच्या नाण्यांवर ते १८९३ पासूनच दिसतं आणि १९४८ पर्यंत टिकतं. १९४९ च्या नाण्यांवरून ते उतरलं. १८८५ च्या शिलिंगवर ‘इंड इंप’ दिसलं, तर पुढे काही बघायची गरज नाही.

---

भिंगवाला

पेन्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. कमी पैशांत जास्त शिकवणारं दुसरं नाणं नाही.

१८६० पूर्वीची पेनी तांब्याची, १८.८ ग्रॅम आणि ३४ मिमी. १८६० ला ब्राँझ आलं : ९५ भाग तांबं, ४ कथील, १ जस्त. त्याही आधी १७९७ ची ‘कार्टव्हील’ पेनी. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने पाडलेली, बरोबर एक औंसाची म्हणजे २८.३५ ग्रॅमची, रुंद उचललेल्या काठावर खोदल्यासारखी अक्षरं. हिची जोडीदार दोन पेन्सांची, ५६.७ ग्रॅमची.

मागच्या बाजूला ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) बसलेली. १८६० ते १८९४ तिच्या एका बाजूला दीपस्तंभ आणि दुसऱ्या बाजूला जहाज. १८९५ ला दोन्ही गेले, १९३७ ला दीपस्तंभ एकटा परत आला. साल झिजून गेलेली पेनी एवढ्यावरूनही कालखंडात बसवता येते.

टांकसाळ खुणा : १८७४, ७५, ७६, ८१ आणि ८२ मध्ये सालाखाली एच हे इंग्रजी अक्षर, बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. १९१२, १९१८ आणि १९१९ मध्ये एच सालाच्या डावीकडे. १९१८ आणि १९१९ मध्येच त्याच जागी केएन, म्हणजे किंग्ज नॉर्टन. १९१८-१९ च्या केएन पेन्या चांगल्या स्थितीत कमी मिळतात आणि त्यांना नेहमीच मागणी असते. फोटोत सालाची डावी बाजू अंधुक असेल तर विक्रेत्याकडून तेवढ्याच भागाचा फोटो मागवा. देत नसेल तर पुढे चला.

१८८२ ची बिनएचची पेनी फार दुर्मीळ, एचवाली सर्रास. त्यामुळे एच घासून काढण्याचा उद्योग चालतो. सालाखालची जागा तिरप्या उजेडात पाहिली की घासल्याची खळगी किंवा ओरखडे दिसतात. नाणं एकूणच इतकं झिजलेलं असेल की एच आपोआप गेला असावा, तर ते १८८२ एच समजूनच किंमत द्या.

१९३३ च्या पेनीबद्दल कुणी विचारेलच. सातेक पेन्या पाडल्या, त्या चलनासाठी नव्हत्याच. काही इमारतींच्या कोनशिलेखाली ठेवल्या होत्या आणि लीड्सजवळच्या मिडल्टनमधल्या चर्चची १९७० ला चोरीलाही गेली. ऑनलाइन दिसणारी १९३३ ची पेनी म्हणजे शेवटचा आकडा खोदून बदललेली दुसऱ्या सालाची पेनी किंवा सरळ प्रतिकृती. चर्चा संपली.

---

मृण्मयी_लीड्स

भिंगवाला काका, +१. जॉर्ज पंचमच्या पेन्यांत एक मेख आहे, ती इथे नोंदवते. त्याचा चेहरा इतका उठावदार होता की ठसा मारताना धातू तिकडे ओढला जायचा आणि मागची ब्रिटानिया फिकी उठायची. कधीकधी मागच्या बाजूला राजाच्या डोक्याची पुसट सावलीही दिसते. यावर उपाय म्हणून १९२६ ला चेहऱ्यात बदल केला, १९२८ पासून तो आणखी लहान केला. म्हणजे १९११ ते १९२६ च्या पेनीवर ब्रिटानियाचा चेहरा सपाट असणं याचा अर्थ झीज असेलच असं नाही. ओळखायचं कसं, तर त्या सपाट भागावर मूळची चकाकी शिल्लक आहे का ते पाहायचं. चकाकी असेल तर ठसा कमकुवत, नसेल तर झीज. ज्याला हे कळतं त्याला ‘फाइन’ म्हणून विकलेली, खरं तर दोन पायऱ्या वरची पेनी स्वस्तात मिळते.

१९२६ मध्ये जुना आणि बदललेला असे दोन्ही चेहरे आहेत. बदललेला दुर्मीळ.

---

नवशिका_संग्राहक

ग्रेडचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. एकाच नाण्याला एक विक्रेता ‘व्हीएफ’ म्हणतो, दुसरा ‘एयू’. किमतीत तिप्पट फरक. कुणाचं धरायचं?

---

मृण्मयी_लीड्स

दोघांचंही नाही, आपलं धरायचं. :)

ब्रिटिश पद्धतीत फेअर, फाइन, व्हेरी फाइन (व्हीएफ), एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड अशा चढत्या पायऱ्या. अमेरिकन पद्धत १ ते ७० आकड्यांची आणि स्वभावाने उदार. अमेरिकेचं ‘एयू’ (अबाउट अनसर्क्युलेटेड, म्हणजे जवळपास न वापरलेलं) ब्रिटनमध्ये साधारण एक्स्ट्रीमली फाइनच्या आसपास पडतं. गोंधळाचं मूळ इथे. विक्रेता अमेरिकन ग्रेड लावतो आणि किंमत मात्र ब्रिटिश कॅटलॉगमधल्या वरच्या रकान्यातली सांगतो.

झीज आधी कुठे लागते ते पाठ करावं. राणीच्या कानावरचे केस, भुवई, गालाचं हाड. ब्रिटानियाचं शिरस्त्राण, छाती आणि गुडघा. सॉव्हरिनवरच्या घोडेस्वार सेंट जॉर्जच्या शिरस्त्राणावरचा झुपका आणि घोड्याची छाती. या जागा फोटोत मोठ्या करून बघा. मोकळी जागा चमकदार असून या उंच जागा गोल-गुळगुळीत असतील तर नाणं घासून पॉलिश केलेलं आहे. पॉलिश केलेल्या नाण्याचा ग्रेड काही का असेना, किंमत निम्म्याखाली धरा.

---

ढब्बू_पैसा

मृण्मयीताईंशी सहमत, आणि थोडं पुढे जाऊन म्हणतो : या छंदात पैसे बनावट नाण्यांत जातात त्याहून जास्त फुगवलेल्या ग्रेडमध्ये आणि साफ केलेल्या नाण्यांत जातात. बनावट नाणं निदान परत करता येतं. ‘माझ्या मते ते व्हीएफच आहे’ याला उत्तर नसतं.

साफ केलेल्या ब्राँझचा रंग गुलाबी-नारिंगी आणि सगळीकडे सारखा असतो. खरी चकाकी अक्षरांच्या कुशीत जास्त आणि उंचवट्यावर कमी टिकते. चांदीचं नाणं पांढरंफटक, तेज नसलेलं, भिंगाखाली बारीक समांतर रेघा असलेलं दिसलं तर ते कपड्याने पुसलेलं आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. १८९७ ते १९१८ च्या फार्दिंग टांकसाळीतूनच काळ्या करून निघाल्या, कारण नवी चकचकीत फार्दिंग आकाराने हाफ सॉव्हरिनसारखी दिसायची आणि लोक फसायचे. १९४४-४६ च्या पेन्याही मुद्दाम गडद केलेल्या आहेत. तो काळेपणा मूळचा. चिंच-मीठ लावून तांब्याच्या कळशीगत चकचकीत केलीत की संपलं.

---

गोमंतकी

सॉव्हरिनबद्दल कुणीतरी लिहा. आपल्याकडे लोक तिला गिन्नी म्हणतात आणि शोधताना ‘गिनी’ टाकतात. मग भलतंच समोर येतं.

---

सराफकट्टा

भलतंच येतं हे खरं. गिनी हे २१ शिलिंगांचं निराळं नाणं, सुमारे ८.३५ ग्रॅमचं, शेवटचं १८१३ चं. त्या नावाने शोधलं की ढिगाने पितळी टोकन समोर येतात : जॉर्ज तिसऱ्याचा चेहरा, मागे इस्पिकाच्या आकाराची ढाल, साल बहुधा १७९७ किंवा आसपासचं. पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी वापरायची ती टोकन. ढालीभोवती ‘जुन्या चांगल्या दिवसांच्या स्मरणार्थ’ अशा अर्थाचा इंग्रजी लेख असला की निर्धास्तपणे पितळ समजा. दुसरं टोकन ‘टू हॅनोव्हर’ लेखाचं, बहुधा १८३७ चं, घोडेस्वार आणि खाली राक्षस. लांबून सेंट जॉर्जच वाटतो. दोन्हींना थोडी संग्रहकिंमत आहे, सोन्याची नाही.

असाच तिसरा सापळा १८८७ च्या सिक्सपेन्सचा. त्या वर्षीच्या पहिल्या नमुन्यावर ढाल होती आणि मूल्य लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सोन्याचा मुलामा देऊन ती हाफ सॉव्हरिन म्हणून खपवली गेली. टांकसाळीने तो नमुना मागे घेऊन ‘सिक्स पेन्स’ असं स्पष्ट लिहिलेला आणला. मुलामा दिलेले ते तुकडे आजही फिरतात. वजन २.८३, हाफ सॉव्हरिन ३.९९. तराजूला मुलामा दिसत नाही.

सॉव्हरिन १८१७ पासून, २२ कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. मागे पिस्त्रुची या कलाकाराने कोरलेला सेंट जॉर्ज किंवा, विक्टोरियाच्या तरुण चेहऱ्यासोबत, काही वर्षं ढाल. चलनासाठी किमान वजन ७.९३८ ग्रॅम ठरलेलं होतं. त्याखाली गेलेली सॉव्हरिन जास्त झिजलेली, दागिन्यात बसवलेली, कड घासलेली किंवा खोटी. दागिन्यातून काढलेली ओळखायची तर कड बघा. बारा वाजताच्या जागी डाखाचा डाग किंवा दाते गायब असतात. अशी सॉव्हरिन फक्त सोन्याच्या भावाने.

---

भिंगवाला

सॉव्हरिनच्या टांकसाळ खुणा जोडतो. सेंट जॉर्जच्या नाण्यावर सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीच्या मध्यभागी एक बारीक अक्षर असतं : एस सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी ओटावा, एसए प्रिटोरिया, आणि आय म्हणजे आपली मुंबई. (विक्टोरियाच्या तरुण चेहऱ्याच्या नाण्यांवर ते चेहऱ्याखाली, ढालीच्या नाण्यांवर ढालीखाली.) अक्षर नसेल तर लंडन.

मुंबईत सॉव्हरिन फक्त १९१८ सालाची पडली, तेरा लाखांच्या आसपास. पहिल्या महायुद्धात सोनं जहाजाने लंडनला नेण्या-आणण्याचा धोका नको म्हणून मुंबईच्या टांकसाळीतच रॉयल मिंटची शाखा उघडली होती. मराठी संग्राहकाने एकच सॉव्हरिन घ्यायची ठरवली तर हीच घ्यावी असं मी म्हणेन. सोन्याच्या भावावर थोडं जास्त द्यावं लागतं, पण वेडंवाकडं नाही. अट एकच, ‘आय’ स्पष्ट दिसला पाहिजे. १९१८ ची म्हणजे मुंबईचीच असं नव्हे. सिडनी, मेलबर्न, पर्थ आणि ओटावा याही त्या सालाच्या आहेत.

आणि १९१७. लंडनची १९१७ दुर्मीळ, इतर टांकसाळींची सामान्य. म्हणून अक्षर घासून लंडनची बनवतात. शिवाय खऱ्या सोन्यात पाडलेल्या बनावट १९१७ सुद्धा पुष्कळ. विसाव्या शतकाच्या मध्यात लेबनॉन आणि इटलीत योग्य कसाच्या सोन्यात बनावट सॉव्हरिन पाडल्या गेल्या, कारण नफा सोन्यात नव्हता, नाण्याला मिळणाऱ्या जादा भावात होता. त्या वजनाला आणि पाण्याच्या चाचणीला पुरून उरतात. ओळख भिंगाखालीच : मोकळ्या जागेत बारीक पुळ्यांसारखे उंचवटे, अक्षरांच्या कडा मऊ, लगामाच्या आणि झुपक्याच्या रेषा चिकटलेल्या. महागडं साल घ्यायचं तर ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या सभासद व्यापाऱ्याकडून किंवा नामांकित लिलावगृहातून घ्या.

---

नवशिका_संग्राहक

पाण्याची चाचणी म्हणजे कशी?

---

भिंगवाला

०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू हवा. आधी कोरडं नाणं तोला. मग तराजूवर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. तराजू आता जे दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. सॉव्हरिनला साधारण १७.५ यायला हवं, स्टर्लिंग (९२५) चांदीला १०.३, कप्रो-निकेलला ८.९.

मर्यादा लक्षात घ्या. सॉव्हरिन बुडवल्यावर आकडा ०.४५ किंवा ०.४६ दिसतो. पहिल्याने भागाकार १७.८, दुसऱ्याने १७.४ येतो. एवढा फरक तराजूचा, नाण्याचा नाही. क्राउनला मात्र चाचणी छान चालते : चांदीचा असेल तर २.७ ग्रॅमच्या आसपास, कप्रो-निकेलचा असेल तर ३.२ च्या जवळ. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हीच नेहमीची चूक. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. नंतर नाणं साध्या पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपायचं, पुसायचं नाही.

चुंबक तर लावाच. १८१६ ते १९७१ मधलं या यादीतलं एकही नाणं चुंबकाला चिकटत नाही.

---

गोमंतकी

‘ब्रिटिश डॉलर’ नावाचं चांदीचं नाणं सगळीकडे दिसतं, उभी ब्रिटानिया, मागे चिनी अक्षरं. ते या धाग्यात बसतं का?

---

ढब्बू_पैसा

काटेकोरपणे नाही, ते पूर्वेकडच्या व्यापारासाठीचं. पण नाव ब्रिटिश आणि पाडलं बहुतांशी मुंबईत, म्हणून चालवून घेऊ. १८९५ पासून १९३५ पर्यंतची सालं, २६.९६ ग्रॅम, ९०० चांदी, ३९ मिमी. मुंबईची खूण बी, ब्रिटानियाच्या त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर, भिंगाशिवाय दिसत नाही. हे नाणं आणि जॉर्ज पंचमचे माळेचे क्राउन, या दोन्हींच्या बनावटीचा महापूर आहे. माळेचा क्राउन १९२७ ते १९३६ (१९३५ चा घोड्यावरचा सेंट जॉर्ज वेगळा), त्यात १९३४ चे पाडलेच ९३२. असं नाणं पन्नास पौंडात विकायला ठेवलेलं दिसलं की समजून जा.

बनावट क्राउन बहुधा वजनात मार खातो. वजन जुळलंच तर कड बघा : दाते उथळ, असमान, किंवा कडेवर मध्यातून फिरणारी जोडरेषा, म्हणजे ओतीव. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ असतात. डाव्या-उजव्या कडांना चिमटीत धरून वरची कड मागे ढकलत फिरवलं की मागचं चित्र उलटं दिसतं, आणि वर-खाली धरून दारासारखं फिरवलं की सरळ. विक्रेत्याकडून असा छोटा व्हिडिओ मागवा. नाणं, वजनकाट्याचा आकडा आणि कड एकाच व्हिडिओत आली तर सोन्याहून पिवळं.

---

सराफकट्टा

खरेदीच्या व्यवहाराबद्दल थोडं.

भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, ‘विकलेले’ ही चाळणी लावा. १९६५ चा चर्चिल क्राउन हजारो रुपयांना मागतात, पण तो जवळपास दोन कोटी पाडला, कप्रो-निकेलचा, ब्रिटनमध्ये किरकोळीत मिळतो.

लिलावगृहात बोलीवर खरेदीदाराचा अधिभार लागतो आणि त्या अधिभारावर व्हॅट. अधिभार २०% असेल तर १०० पौंडांच्या बोलीचे १२४ होतात, टपाल निराळं. बोलीची कमाल आधी उलट्या हिशेबाने काढून ठेवावी.

‘न तपासलेला लॉट’, ‘आजोबांच्या पेटीतून’, ‘वयाच्या मानाने छान’ हे शब्द किंमत वाढवत नाहीत. ‘ट्रिब्यूट’, ‘रिस्ट्राइक’, ‘रिप्रॉडक्शन’ हे ‘मूळ नाणं नाही’ सांगणारे शब्द वर्णनाच्या शेवटी बारीक टाइपात असतात, शेवटपर्यंत वाचा. पैसे नेहमी त्या संकेतस्थळावरूनच द्या. ‘बाहेर द्या, दहा टक्के सूट देतो’ याला बळी पडलात की परताव्याची हमी गेली.

एनजीसी किंवा पीसीजीएस (नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या अमेरिकन कंपन्या) यांच्या डबीतलं नाणं असेल तर क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटोशी ताडून बघा. बनावट डब्याही मिळतात, आणि त्यांवर खरे क्रमांक छापलेले असतात. नाण्यावरचे डाग-ओरखडे जुळले पाहिजेत.

---

मृण्मयी_लीड्स

भारतात घरी जुन्या सॉव्हरिन असलेल्यांसाठी : शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. इथल्या लिलावात विकू म्हणून सामानात टाकून आणू नका. उलट दिशेला, ब्रिटनमधून भारतात सोन्याचं नाणं टपालाने मागवणं हाही नसता उपद्व्याप. चांदी-ब्राँझ मागवताना विम्यासह पाठवायला सांगा आणि पाकिटात खरी किंमत लिहिलेलं बिल असू द्या. विक्रेत्याने ‘भेटवस्तू’ लिहिलं तर अडकलेलं पाकीट सोडवताना तुमच्याकडे काहीच कागद नसतो.

---

तळेगावकर

मुंबईकडून एक अवांतर. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेली, राम दरबार किंवा हनुमान असलेली नाणी लाखोंना जातात असे निरोप फिरतात. कंपनीने अशी नाणी कधी काढली नाहीत, ती कल्पनेने बनवलेली टोकन आहेत. आणि जुनी नाणी विकत घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा म्हणणारे सरळ ठग. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे चालतं म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशाराही दिला होता.

साठवणीचं सांगा ना कुणीतरी. आमच्याकडे पावसाळ्यात ब्राँझ हिरवं पडतं.

---

भिंगवाला

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकचे खिसे वापरू नका. त्यातलं पीव्हीसी सुटून नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. तो शुद्ध अॅसिटोनने निघतो. काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, घासल्याशिवाय. ब्राँझवरची हिरवी भुकटी वेगळी, ती गंज आहे आणि खालचा धातू खाते. असं नाणं इतरांपासून लगेच दूर ठेवा.

मायलरची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन स्वस्त आणि चांगले. पिनांची टोकं पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, रंग बदलला की बदला. रबर बँड चांदी काळी करतो, तो डब्यात नकोच. लाकडी कपाट हवंच असेल तर महॉगनी. ओकमधून आम्लाची वाफ सुटते.

---

नवशिका_संग्राहक

वाचनखूण साठवली. शेवटचं : तीस पौंडांत सुरुवात काय घेऊन करावी? एक चांगलं नाणं की मोठा लॉट?

---

ढब्बू_पैसा

त्यातले दहा-बारा पौंड तराजूला आणि दहापट भिंगाला. उरलेल्यात १९०२ ते १९३६ च्या वेगवेगळ्या सालांच्या पेन्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजू दिसतील अशा विक्रेत्याकडून, व्हेरी फाइन किंवा वरच्या. त्यात १९०२ ची ‘लो टाइड’ मिळते का बघा : नेहमीच्या पेनीत समुद्राची रेषा ब्रिटानियाचे पाय एकमेकांवर येतात त्या जागेच्या वर असते, हिच्यात ती खाली उतरलेली असते. बहुतेक विक्रेते हे तपासत नाहीत आणि साध्या १९०२ च्या भावाने देतात.